चायनीज काळ्या गोळ्या, सासऱ्यांचं पोट आणि आत दडलेली रेवंदचिनी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात सांगते. सासरे 72 वर्षांचे, बीपी आणि शुगर दोन्ही. मागच्या वर्षी गावाहून ठाण्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आले आणि तेव्हापासून पोट साफ होईना. दिरांनी सिंगापूरहून 'मा झी रन वान' नावाच्या बारीक काळ्या गोळ्यांच्या बाटल्या आणून दिल्या. रात्री 8 गोळ्या घेतल्या की सकाळी एकदम मोकळं. आता पाच महिने झाले, 8 च्या 15 झाल्यात आणि एक रात्र चुकली तर पुढे तीन-तीन दिवस काही होत नाही. दीर म्हणतात 1800 वर्षं जुनं हर्बल औषध आहे, सवय वगैरे लागत नाही. मिस्टर म्हणतात चायनीज काय वाट्टेल ते असतं, आधी फेकून द्या. आणि शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की बाबा रात्री चार-पाच वेळा लघवीला उठतात, ते प्रोस्टेटचं असेल बहुतेक.

मला विचाराल तर तुमच्या अख्ख्या प्रश्नात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ते शेवटचं आहे. त्याच्याकडे येतेच, पण आधी गोळी उघडून बघू.

मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. 26 वर्षं औषधांच्या काउंटरवर गेली, त्यातली 9 सिंगापूरला एका दवाखान्यात, आणि तिथे आमच्या शेजारीच एक जुनं चायनीज औषधांचं दुकान होतं. छतापर्यंत लाकडी ड्रॉवर, हातात धरायचा छोटा तराजू, आणि पुड्या बांधायला पांढरा कागद. म्हणजे अगदी आपल्या काष्ठौषधींच्या दुकानासारखं, फक्त हिंगाचा वास नाही. ते चालवणारे अंकल सत्तरीच्या पुढचे, दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी तिथे जाऊन बसायची आणि हे काय ते काय विचारायची. या गोळ्यांबद्दल मला जे माहितीये त्यातलं निम्मं पुस्तकातलं आणि निम्मं त्यांचं आहे.

तर मा झी रन वान. 'वान' म्हणजे गोळी, आणि आधीचे तीन शब्द म्हणजे भांगेचं बी. घाबरू नका, बियांनी नशा होत नाही, नशा असते ती फुलोऱ्याच्या चिकात, बी म्हणजे नुसतं तेलकट. आपल्याकडेही 2021 पासून एफएसएसएआयने (खाद्यपदार्थांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) हेम्पचं, म्हणजे भांगेचं बी, तेल, पीठ हे खाद्यपदार्थ म्हणून चालवून घेतलंय. गोळीत एकूण सहा वस्तू असतात आणि त्या बांधायला मध: भांगेचं बी, कडू जर्दाळूच्या आतला गर, पांढऱ्या पिओनी नावाच्या फुलझाडाचं मूळ, कच्चं कडू संत्रं, मॅग्नोलिया नावाच्या एका झाडाची साल, आणि दा हुआंग.

हे दा हुआंग म्हणजे रेवंदचिनी. आपल्या काष्ठौषधीवाल्याकडे मागा, मिळेल, फक्त आपल्याकडची बहुतेक हिमालयातली असते, जात जरा वेगळी, खानदान तेच. आणि नावातच बघा, रेवंद 'चिनी'. फारसीतून आलेला शब्द, अर्थ सरळ 'चीनचा रेवंद'. म्हणजे मिस्टर ज्याला चायनीज म्हणून फेकून द्यायला निघालेत ती वस्तू आपल्या आजीच्या बटव्यात कधीचीच येऊन बसलेली आहे. (एकेकाळी या मुळीचा व्यापार एवढा मोठा होता की 1839 साली अफूच्या भांडणात चीनचे अधिकारी लिन झेशू यांनी इंग्लंडच्या राणीला जे पत्र लिहिलं त्यात चहा आणि रेवंदचिनी वाचून परदेशी लोक एक दिवस जगू शकणार नाहीत असा सूर होता. म्हणजे गोऱ्यांची पोटं आमच्या हातात आहेत, जपून वागा! पत्राचा काही उपयोग झाला नाही ही गोष्ट वेगळी.)

आता मुद्द्याचं. कॉलेजला आम्हाला एक प्रॅक्टिकल असायचं. रेवंदचिनीची पूड ॲसिडमध्ये उकळायची, गाळायची, वर बेन्झीनसारखं काहीतरी घालून हलवायचं, वरचा थर वेगळा काढायचा आणि त्यात अमोनिया टाकायचा. परीक्षानळीत खालच्या थराला गुलाबी रंग चढतो, अगदी गुलकंदाच्या पाकासारखा. मग तेच सोनामुखीच्या पानांबरोबर करायचं, तोच गुलाबी. कोरफडीच्या वाळलेल्या चिकाबरोबर, म्हणजे काळ्या बोळाबरोबर जरा वेगळ्या पद्धतीने, तरी गुलाबीच. तीन वेगळ्या वनस्पती, एक मूळ, एक पान, एक चीक, आणि आत एकाच घराण्यातली द्रव्यं. त्यांना अँथ्राक्विनोन म्हणतात. जुलाब होतात ते यांच्यामुळे. मी हे एवढं सांगतेय कारण गेली 26 वर्षं लोक मला म्हणतात की ताई, मी सोनामुखी सोडली, आता ती दुसरी आयुर्वेदिक पावडर घेतो, किंवा आता चायनीज चहा घेतो, आणि डबा उलटा करून बघावं तर नाव वेगळं, गुलाबी रंग तोच.

ही द्रव्यं वरच्या पोटात फारसं काही करत नाहीत. तशीच खाली मोठ्या आतड्यात पोचतात, तिथले जंतू त्यांना फोडतात आणि मग जे तयार होतं ते आतड्याला ढोसतं आणि पाणी आत सोडायला लावतं. याला सहा ते बारा तास लागतात, म्हणून रात्री घेतली की सकाळी काम. आणि जंतूंवर अवलंबून आहे म्हणूनच एकाला 8 गोळ्यांत धो धो होतं आणि दुसऱ्याला 8 म्हणजे काहीच नाही. अँटिबायोटिक चालू असेल तर कधी कधी परिणाम मंदावतो तोही याच्यामुळेच.

पण म्हणून मा झी रन वान म्हणजे नुसती सोनामुखी असंही नाही, इथे दिरांची बाजू घ्यायला पाहिजे. या कृतीची रचना मला मनापासून आवडते. सुमारे 1800 वर्षांपूर्वी, हान राजवटीच्या शेवटी झांग झोंगजिंग नावाचे वैद्य होऊन गेले, त्यांच्या तापांवरच्या ग्रंथात ही कृती आहे. तिचे दोन भाग पडतात. एका बाजूला रेवंदचिनी, कच्चं संत्रं आणि मॅग्नोलियाची साल, हे तिघं मिळून त्याच ग्रंथातला एक वेगळा, बऱ्यापैकी कडक जुलाबाचा काढा होतो. दुसऱ्या बाजूला भांगेचं बी आणि जर्दाळूचा गर, दोन्ही तेलकट, वंगणासारखे, सोबत पिओनी आणि मध. म्हणजे ढकलणारे तीन आणि मऊ करणारे बाकीचे. आपल्याकडे सुंठीच्या काढ्यात एरंडेल देतात त्यामागे हीच अक्कल आहे, नुसतं ढकलायचं नाही, पोटात मुरडा येऊ नये हेही बघायचं.

तरी मूळ मापं बघितली तर रेवंदचिनीचं वजन पिओनीच्या दुप्पट आणि कच्च्या संत्र्याच्याही दुप्पट आहे. नाव भांगेच्या बियांचं असलं तरी जोर कोणाचा आहे ते कळतं.

आणि एक मजेची गोष्ट, बाबा 8 वरून 15 वर गेले ना, ग्रंथातही जवळपास तेच लिहिलंय. दहा गोळ्यांनी सुरू करा, हळूहळू वाढवा, गुण जाणवेपर्यंत. पण तिथे 'जाणवेपर्यंत' म्हणजे थांबायची जागा आहे. एका आजारपणात आतडं सुकलंय, वाढवत न्या, मोकळं झालं की झालं. पाच महिने रोज रात्री, तेही वाढत्या मापाने, हे त्या कृतीत कुठेच नाही. अंकलना मी एकदा विचारलं होतं की लोक वर्षानुवर्षं घेतात त्याचं काय, तर त्यांनी फक्त हात हलवला, माशी हाकलावी तसा.

अभ्यास झालेत का? झालेत, आणि चांगले झालेत, हे मिस्टरांना सांगा. हाँगकाँगच्या बॅप्टिस्ट युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी 2011 मध्ये 120 पेशंटवर केला, निम्म्यांना हे औषध आणि निम्म्यांना दिसायला तसंच पण खोटं, आठ आठवडे. औषधवाल्यांपैकी 43 टक्क्यांना ठरवलेल्या व्याख्येप्रमाणे फरक पडला, खोट्यावाल्यांपैकी 8 टक्क्यांना. मग 2019 मध्ये 291 लोकांवर तिहेरी तुलना केली, हे औषध, सोनामुखी आणि खोटं. 68 टक्के, 58 टक्के, 33 टक्के. म्हणजे काम करतं, सोनामुखीच्या तोडीस तोड करतं, आणि हेही बघा की खोट्या औषधानेसुद्धा तिघांतल्या एकाला बरं वाटलं, पोट हा अवयवच तसा आहे. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, औषध दिलं ते आठ आठवडे, पाच महिने नाही. दोन, 2011 च्या अभ्यासात पेशंट निवडतानाच चायनीज वैद्यकाप्रमाणे ज्यांच्या लक्षणांना ही कृती लागू पडते तेच घेतले होते. सरसकट कोणालाही नाही.

ही दुसरी गोष्ट लोकांना माहीत नसते. बद्धकोष्ठ म्हटलं की एक गोळी, असं त्यांच्यात नाही. आपल्याकडे वैद्य मृदू कोष्ठ, क्रूर कोष्ठ, म्हणजे कोणाचं पोट सहज हलतं आणि कोणाचं हट्टी, हे बघतात ना, तसंच. अंकलकडे एकदा एक किडकिडीत आजी आल्या, म्हणाल्या चार दिवस झाले नाहीत, त्या काळ्या गोळ्या द्या. यांनी विचारलं खडा होतो का? नाही, मऊच होतं पण जोरच लागत नाही, बसून बसून घाम फुटतो. यांनी जीभ बघितली आणि गोळ्या दिल्याच नाहीत. मला नंतर म्हणाले, तिचं सुकलेलं नाहीये, तिच्यात ढकलायची ताकद नाहीये, हिला जुलाब देणं म्हणजे दमलेल्या बैलाला चाबूक.

मग ही गोळी कोणाला? ग्रंथात त्या अवस्थेला नाव आहे 'पी युए', आणि तिची खूण दोन ओळींत दिलीये: शौचाला घट्ट, कोरडं होतं, आणि लघवी वारंवार होते. त्यांचं म्हणणं असं की शरीरातलं पाणी आतड्याकडे जायच्या ऐवजी सगळं मूत्राशयाकडे चाललंय.

आता तुमचं शेवटचं वाक्य परत वाचा.

अंकलनी बाबांना बघितलं असतं तर म्हणाले असते, तंतोतंत बसतंय, हेच औषध. आणि मी 72 वर्षांचा, शुगर असलेला, रात्री चार-पाच वेळा लघवीला उठणारा आणि खडा होणारा माणूस बघते तेव्हा माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो की शेवटचं एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, कधी केलं आणि किती आलं. शुगर वर गेली की ती लघवीतून बाहेर पडते आणि सोबत पाणी घेऊन जाते, आतड्याच्या वाट्याला पाणी उरत नाही, खडा होतो. त्या जुन्या वैद्यांनी बाहेरून जे बघितलं ते बरोबरच बघितलं होतं, पाणी खरंच भलतीकडे चाललंय. फक्त त्यांच्याकडे ग्लुकोमीटर नव्हता, आपल्याकडे आहे.

आणखी एक, शुगरच्या गोळ्यांची नावं बघा. हल्ली डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं बऱ्याच जणांना असतात, पाकिटावर 'डापा' 'एम्पा' असं काहीतरी दिसेल. ती कामच असं करतात की साखर लघवीतून काढून टाकतात, त्यामुळे लघवी वाढते. औषध चांगलं आहे, हृदयाला किडनीला फायद्याचं आहे, आपल्या मनाने बंद करू नका, पण पाणी कमी पीत असतील तर पोट कोरडं पडणार. आणि पाणी ते कमी पीत असणार याची मला जवळजवळ खात्री आहे. रात्री उठावं लागतं म्हणून सत्तरीतली माणसं संध्याकाळी पाचनंतर पाणी तोडतात, आणि हे घरात कोणाला सांगत नाहीत, माझ्या वडिलांचं मला दोन वर्षांनी कळलं, तेही तांब्या रोज तसाच भरलेला दिसायचा म्हणून. विचारा त्यांना. तुम्ही नका विचारू, मिस्टरांना विचारायला लावा, सुनेला खरं सांगणार नाहीत.

प्रोस्टेट असूही शकतं, त्याचीही तपासणी व्हावी. पण तिथेही गंमत अशी की खाली मळ साठून राहिला की तो मूत्राशयावर दाब देतो आणि त्यानेही सारखी लागते. म्हणजे कोणामुळे कोण हे घरी बसून ठरवता येत नाही.

आता बीपीच्या गोळीकडे या. टेल्मिसार्टन, ॲम्लोडिपिन, अशा नावांच्या पुढे 'एच' किंवा 'सीटी' लागलंय का बघा, किंवा मागे बारीक अक्षरात हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन असं काही लिहिलंय का. असेल तर त्यात पाणी काढणारं औषध मिसळलेलं आहे. ते पोटॅशियम कमी करू शकतं, आणि रोजचे जुलाबही पोटॅशियम कमी करतात. दोन्ही बाजूंनी गळती. आणि पोटॅशियम कमी झालं की काय होतं माहितीये? आतड्याचे स्नायूच मंदावतात. म्हणजे बद्धकोष्ठ वाढतं. म्हणजे गोळ्या वाढतात. 8 च्या 15 होण्यामागे हेही असू शकतं, असेलच असं नाही, पण सोडियम-पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम कळतं ते) ही साधी रक्ताची तपासणी आहे, या आठवड्यात करून घ्या. पायात गोळे येतात का, फार थकल्यासारखं वाटतं का तेही विचारा. हृदयाची डिगॉक्सिन चालू असेल किंवा रक्त पातळ करायची वॉरफरिन असेल तर मात्र आठवड्याची वाट बघू नका, आजच डॉक्टरांना फोन करा.

जाता जाता, कॅल्शियमच्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या, खोकल्याचं कोडीनवालं औषध, झोपेसाठी किंवा पायाच्या मुंग्यांसाठी दिलेली ॲमिट्रिप्टिलिन, यातलं काही मागच्या वर्षभरात सुरू झालं असेल तर तेही लिहून ठेवा, ही सगळी पोट बांधणारी मंडळी आहेत. थायरॉइडही एकदा बघून घ्यायला हरकत नाही.

सवय लागते का या प्रश्नाचं सरळ उत्तर: दारू-तंबाखूसारखी नाही. आतड्याच्या नसा कायमच्या मरतात ही जुनी भीती नेहमीच्या मापाला फारशी सिद्धही झालेली नाही. लांब काळ घेतल्यावर आतड्याचं अस्तर आतून तपकिरी-काळं पडतं, कोलोनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं आतून बघतात तेव्हा दिसतं, बघणारा दचकतो पण ते तसं निरुपद्रवी आणि औषध थांबवल्यावर काही महिन्यांत ओसरतं. लघवी पिवळी-तांबूस दिसते तीही या मुळीच्या रंगानेच, त्याने घाबरू नका. तर मग न घेतल्यावर तीन दिवस का होत नाही? याचं कारण फार साधं आहे आणि कोणी सांगत नाही. जुलाबाने मोठं आतडं जवळजवळ रिकामं होतं. ते परत भरायला दोन-तीन दिवस लागतात. आत मालच नाही तर बाहेर काय येणार? पण माणूस दुसऱ्या दिवशी संडासात जाऊन बसतो, काही होत नाही, घाबरतो, परत गोळ्या घेतो, परत रिकामं. वर रेवंदचिनीत टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं, ते जुलाब होऊन गेल्यावर उलट बांधून ठेवतं. अशी ही चक्की फिरत राहते आणि माणसाला वाटतं आपलं आतडं आता गोळीशिवाय चालतच नाही.

इथपर्यंत एवढं धरा: औषध खोटं नाही, फेकण्यासारखं नाही, पण इसबगोलासारखं रोज घ्यायचंही नाही, सोनामुखीसारखं अधूनमधून घ्यायचं आहे, आणि बाबांच्या बाबतीत खरं काम बाटलीच्या बाहेर आहे.

आता काय करायचं. आधी बाटली बघा. पाठीमागे इंग्रजीत किंवा लॅटिनमध्ये 'ऱ्हेई' असा शब्द असेल तर ती रेवंदचिनी. नुसतं चिनी लिहिलेलं असेल तर 'दा' हे अक्षर शोधा, हात पसरून पाय फाकवून उभा राहिलेल्या माणसासारखं दिसतं, ते घटकांच्या यादीत सापडलं तर बहुधा हेच. बाटली सीलबंद, नाव-पत्ता-बॅच छापलेली असेल तर एक वेळ ठीक. सिंगापूरमध्ये तयार चायनीज औषधं सरकारी यादीत नोंदवावी लागतात आणि शिसं, पारा, आर्सेनिकची तपासणी लागते. पण कोणीतरी प्लास्टिकच्या पिशवीत सुट्या काळ्या गोळ्या दिल्या असतील तर त्या मात्र मिस्टरांच्या म्हणण्याप्रमाणे सरळ फेकायच्या. बेल्जियममध्ये 1990 च्या दशकात वजन कमी करायच्या चायनीज औषधात एका मुळीच्या जागी दुसरीच आली आणि कितीतरी बायकांच्या किडन्या गेल्या, मुळीचं नाव सारखं, जात वेगळी. लेबल नसलेल्या औषधात हाच धोका असतो, चायनीज असो की आपला.

डॉक्टरांकडे जाताना बाटली सोबत न्या. लपवू नका. 72 व्या वर्षी नव्याने सुरू झालेलं बद्धकोष्ठ हे जागा बदलली म्हणून असेल असं मानून बसायचं नसतं. शौचातून रक्त, वजन कमी होणं, हिमोग्लोबिन उतरणं, घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर, यातलं काहीही असेल तर कोलोनोस्कोपीबद्दल विचारा. पोट फुगून उलट्या होत असतील तर कुठलीही गोळी नाही, थेट हॉस्पिटल.

हे सगळं ठीक असेल तर गोळ्या एका फटक्यात बंद करू नका. 15 वर आहेत ना, दर चार-पाच दिवसांनी दोन-दोन कमी करा, आणि त्याच दिवसापासून दुसरं काहीतरी सुरू करा. माझी पसंती डॉक्टरांना विचारून पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर, पाण्यात विरघळवून घ्यायची, ती आतड्याला ढोसत नाही, फक्त पाणी धरून ठेवते, आणि साखर वाढवत नाही. इसबगोल स्वस्त आणि चांगलं, पण त्याच्यावर मोठा ग्लासभर पाणी प्यायला पाहिजे, पाणी तोडणाऱ्या माणसाला इसबगोल दिलं तर आत लाडू होऊन बसतो, मग म्हणतात इसबगोलने अजूनच अडकलं. लघवीची भीती असेल तर पाणी सकाळी उठल्यापासून दुपारी चारपर्यंत भरपूर प्या म्हणावं, संध्याकाळी कमी करा. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरच सांगतील.

मग संडास. गावी उकिडवं बसायची सवय, इथे कमोड. तुम्ही लिहिलंय की फ्लॅटमध्ये आल्यापासून सुरू झालं, तर याचा वाटा नक्की आहे. पायाखाली वीतभर उंचीचा पाट ठेवा, गुडघे कमरेच्या वर येतील असा, आणि थोडं पुढे वाकून बसायला सांगा. पाट घसरणारा नको, खाली रबर लावा, पडले तर बद्धकोष्ठ परवडलं म्हणायची वेळ येईल. आणि वेळ ठरवा, सकाळच्या चहा-नाश्त्यानंतर वीस मिनिटांनी, कारण पोटात काही गेलं की आतडं आपोआप हलतं, त्या लाटेवर बसायचं. झालं तर झालं, दहा मिनिटांत उठायचं. कुंथत बसायचं नाही, पेपर घेऊन तर अजिबात नाही.

खाण्यापिण्याचं तुम्हाला मी काय सांगणार, भाकरी-पालेभाजी गावी असेलच. फक्त किवीबद्दल एक सांगते. रोज दोन हिरवी किवी फळं खाल्ल्याने पोटाला फरक पडतो यावर बरेच अभ्यास झालेत, आणि गंमत म्हणजे ते फळही मूळचं चीनचंच, 1904 च्या सुमारास बिया न्यूझीलंडला गेल्या आणि आधी तिला चायनीज गूसबेरीच म्हणायचे. शुगरच्या हिशोबात धरून द्या, जेवणानंतर नको. दिरांनाही बरं वाटेल, चायनीजच चाललंय म्हणून.

एक सावधगिरी, तुमची जाऊ सध्या गरोदर आहे असं तुम्ही खालच्या कमेंटमध्ये लिहिलंय आणि तिलाही यातल्या चार गोळ्या दिल्या होत्या. परत देऊ नका. रेवंदचिनी गरोदरपणात आणि अंगावर दूध पाजताना टाळतात, चायनीज वैद्यसुद्धा टाळतात. चार गोळ्यांनी काही झालं असेल असं नाही, पण तिच्या डॉक्टरांना सांगून ठेवा.

आणि बाटलीचं काय करायचं, तर ठेवा, पण बाबांच्या उशाशी नको, तुमच्याकडे ठेवा. आधीच्या गोळ्या कमी करत करत शून्यावर आल्यावर मध्येच तीन दिवस झाले, चौथ्या दिवशीही काही नाही आणि बाकी पोट शांत आहे, तर बाटलीवर लिहिलेल्या मापाने एक रात्र द्या, 15 नाही, लेबलवर असेल तेवढ्याच. दुसऱ्या दिवशी साफ होईल. त्याच्यानंतर दोन दिवस होणार नाही हे त्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे घाबरून परत मागणार नाहीत. महिन्यातून दोन-तीनदा असं लागलं तर मला त्यात काही वावगं वाटत नाही, त्याहून जास्त लागायला लागलं तर परत डॉक्टर.

एचबीएवनसी आणि पोटॅशियमचे आकडे आले की इथे टाका, आणि बीपीच्या गोळीच्या पाकिटाची मागची बाजू. त्यावरून पुढचं बोलू.